बीपीच्या गोळीशेजारची गोळी

ताई, तुमच्या जलदानविधीला लोक तुमच्याविषयी इतकं गोड खोटं बोलले, की तुम्ही तिथे असता तर माझ्या दंडाला चिमटा काढून विचारलं असतं, "वैशाली, कोण गं ही बाई? आपल्या ओळखीची आहे का?"

विहारामागच्या सभागृहात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसली होती. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग आपल्यातल्या रिवाजाप्रमाणे एकेक जण माइकवर येऊन आदरांजली वाहू लागला. तुमचे जुने हेडसर म्हणाले, शोभा बाई म्हणजे पोलाद. कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ताईंच्या डोळ्यांत आम्ही कधी पाणी पाहिलं नाही. ओझरच्या काकांनी तर कडीच केली. म्हणाले, टेन्शन हा शब्दच आमच्या पुतणीला माहीत नव्हता. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि हसावं की उठून जावं ते कळत नव्हतं.

तुमच्याइतकं रडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेतून कुणाचं पोर बाद झालं तरी तुम्ही ओढणीचं टोक शोधायचात. रडून झालं की चहा मागायचात, वर "साखर नीट घाल" असं बजावायचात. आणि टेन्शनचं म्हणाल तर तुम्हाला नैराश्याचा आजार होता. तो तुम्ही कधी कुणापासून लपवला नाहीत. तुम्ही गेल्यावर मात्र आम्ही सगळे मिळून तो लपवत बसलो होतो.

आज रविवार आहे. शिलाई मशीनवर कापड पडलंय, पण पाय चालत नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.

नामपूरहून मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या आईने कानात सांगितलं होतं, "नणंद घरमाच शे, जपीसन ऱ्हाय." बिनलग्नाची, नोकरी करणारी, नवऱ्याहून मोठी नणंद! मी तर लढाईच्या तयारीनेच आले होते. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात गेले तर टेबलावर स्टीलच्या ताटलीत गोळ्यांची पाकिटं मांडलेली. मामंजींची बीपीची, मामंजींची शुगरची आणि शेजारी एक तिसरंच पाकीट. मी विचारलं, ही कुणाची? तुम्ही पोळीला तेल लावता लावता म्हणालात, "माझी. नैराश्याची. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी दिलीय." शेजारणीकडून विरजण आणलंय, असं सांगावं तसं तुम्ही ते सांगितलंत. मी भांबावून "बरं" म्हणाले. त्यावर दुसरं काय म्हणायचं असतं, ते मला आजही ठाऊक नाही.

त्या ताटलीवरून आपण किती भांडलो! कुणी पाहुणे यायचे म्हटलं की मी तुमचं पाकीट उचलून कपाटात ठेवायची, आणि पाहुण्यांदेखत तुम्ही उठून ते परत आणून ठेवायचात. "बीपीची गोळी टेबलावर आणि ही कपाटात? हिने काय पाप केलंय?" तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणायचे, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते." तुम्ही म्हणायचात, "मिलिंद, मूठ झाकून झाकून माझी बोटं आखडली रे." मी तुम्हाला हट्टी म्हणायची, तोंडावर म्हणायची. तुमच्यापुरता हट्ट ठीक होता, पण उद्या माझ्या श्रावस्तीचं लग्न ठरवायची वेळ आली की लोक विचारतील, घरात काय आहे म्हणून. हे मी बोलले की तुम्ही हसायचात. तेव्हा श्रावू दुसरीत होती. तिच्या लग्नाची काळजी मी फार लवकर सुरू केली, असं तुमचं म्हणणं.

तुम्हाला तो आजार जडला तो इगतपुरीकडच्या शाळेत असताना. तुम्हीच मला सांगितलंत. आधी वाटलं, सततच्या पावसाने माणूस मलूल होतंच, ऊन पडलं की उतरेल. ऊन पडलं. पुढचा पाऊस आला. तुम्ही मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेल्याच. आंघोळीला उठणं म्हणजे डोंगर चढणं. घरातले म्हणाले, लग्न केलं असतं तर हे झालं नसतं. मग शाळेतल्या एका बाईंनी तुम्हाला धरून डॉक्टरांकडे नेलं. पुढे कधी दोन-दोन वर्षं तो आजार फिरकायचा नाही, कधी दिवाळीच्या तोंडावर येऊन बसायचा. तो आला की तुम्ही सरळ जाहीर करायचात, "आज माझ्याकडून काही होणार नाही. रागावू नका, जेवण झाकून ठेवा." आणि दार लोटून घ्यायचात. मला ते विचित्र वाटायचं. माझ्या माहेरी माणसं आजारी पडली तरी कामं करत पडायची.

तुमच्या शाळेतली ती हजेरीची गंमत मात्र मला पहिल्यापासून आवडायची. नाव पुकारलं की पोरांनी "हजर" म्हणायचं, पण ज्याचं मन वर्गात नाही त्याने "अर्धा हजर" म्हटलं तरी चालेल, अशी तुमच्या वर्गाची सवलत. कुणी तसं म्हटलं की तुम्ही पुढचं नाव घ्यायचात, काही विचारायचं नाहीत. दुपारी खिचडीच्या वेळेला त्या पोराला आपल्या शेजारी बसवायचात आणि आपल्या ताटाकडे बघत विचारायचात, "उरलेला अर्धा कुठाय रे?" एकदा एक चिमुरडा म्हणाला होता, "घरीच ऱ्हायलाय, बाई. आई रुसून गेली, तिच्या वाटंला बसलाय." हे सांगताना तुम्ही रडला होतात. नंतर एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले, त्यांच्यासमोर तिघांनी "अर्धा हजर" म्हटलं, आणि ते गृहस्थ तुम्हाला गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, मग यांचं मध्यान्ह भोजन कसं धरायचं? अर्धंच?" ते सांगताना तुम्हाला हसता हसता ठसका लागला होता. मी पाणी आणून दिलं आणि मग आपण दोघी पुन्हा हसत बसलो.

ते सगळं दुसऱ्यांच्या पोरांपुरतं होतं तोवर मला गोड वाटत होतं. मग आपल्या घरात आलं.

तोवर मामंजीही गेले होते. श्रावू आठवीत गेली आणि तिचं पोट दुखू लागलं. रोज सकाळी, शाळेच्या वेळेला. सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध झालं, माझ्या आईने फोनवरून "नजर लागनी व्हई" म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवायला लावल्या. त्या मी तुम्ही शाळेत गेल्यावर गुपचूप उतरवल्या, कारण तुमच्यासमोर उतरवल्या असत्या तर तुम्ही बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करून माझा वर्ग घेतला असता. पोट काही थांबलं नाही. पोर वाळत चालली. विचारलं तर दार आपटून आत.

त्या रविवारी तुम्ही गवार घेऊन ओट्याजवळ खाली बसलात आणि तिला हाक मारलीत. म्हणे, एवढी गवार एकटीच्याने मोडवत नाही. पोरांशी बोलायचं तर हाताला काम द्यायचं आणि तोंडाकडे बघायचं नाही, असं तुमचं शास्त्र. "डोळ्यांत डोळे घालून काय विचारायचं? ती काय चोर आहेत?" मी बाहेरच्या खोलीत मशीनवर होते. तुम्ही तिला तुमच्या आजाराबद्दल सांगत होतात. तिला गोळ्या माहीत होत्या, पण आत काय होतं ते माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तो आला की मला वाटतं, आपण कुणाच्या कामाचे नाही. ते खरं नसतं, पण तेव्हा खरंच वाटतं. तुझ्यामुळे येत नाही तो, श्रावू. आणि तू शहाण्यासारखी वागलीस म्हणून जाणारही नाही. त्याच्यासाठी डॉक्टर आहेत." मग तिने हळूहळू सांगायला सुरुवात केली. मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढलं होतं. डब्याला एकटी बसायची. तिचे फोटो काढून त्यावर काहीबाही लिहून फिरवत होत्या. सकाळ होऊच नये असं वाटायचं.

आणि तुम्ही विचारलंत, "जीव नकोसा वाटतो का गं?"

माझा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. ती म्हणाली, "कधी कधी."

ती झोपायला गेल्यावर मी तुमच्यावर जी तुटून पडले ते तुम्हाला आठवत असेल. तेरा वर्षांच्या पोरीला असं विचारतात का? तिच्या डोक्यात नव्हतं ते घातलंत तुम्ही! तुम्ही शांतपणे म्हणालात, "विचारल्याने ते डोक्यात येत नाही, वैशाली. असलं तर असतंच. कुणी विचारलं नाही की माणूस त्याच्याबरोबर एकटं पडतं. मी पडले होते." मी म्हटलं, तुमचं वेगळं, तुमचं ते आजारपण आहे. तुम्ही म्हणालात, "असेल. आपण ठरवायला नको. ज्यांना कळतं त्यांना विचारू."

मग तुमचे शनिवार सुरू झाले. गंगापूर रोडच्या बाजूला एका समुपदेशक बाईंकडे तुम्ही तिला घेऊन जाऊ लागलात. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला तुम्हीच भेटलात. त्या फोटोंचं प्रकरण तुम्हीच निस्तरलंत. दर शनिवारी त्या बाईंकडून बाहेर पडलं की तुम्ही दोघी मिसळ खायच्यात आणि तर्रीने नाकं लाल करून घरी यायच्यात. दोन-तीन महिन्यांत पोट थांबलं. पोर पुन्हा माझ्याशी भांडायला लागली, ही तर फारच चांगली खूण होती. सगळं खरं. पण ताई, त्या प्रत्येक शनिवारी दुपारी मी घरात एकटी असायची, आणि माझी पोर तिचं सगळ्यात जड जे काही ते तुमच्याकडे उघडतेय, माझ्याकडे नाही, हे मला गिळवायचं नाही. तुम्ही तिला माझ्यापासून नेलंत की मला परत आणून दिलंत, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. तुम्ही असता तर आणखी दहा वर्षं यावर भांडलो असतो. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, आणि तुमचा रागही आहे. दोन्ही एकाच वेळी मनात येतं आणि मला दमवतं.

आपलं शेवटचं भांडणही तेच. तुम्ही म्हणत होतात, "एकदा तूपण ये बाईंकडे. आत येऊन बस." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत ढीगभर. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुझा एक ब्लाऊज शिवायचा राहिलाय, तो बघ आधी. तुझ्या अंगावरचा उसवलाय." उसवला होताच. पुढचं बोलायचं राहून गेलं.

त्या सकाळी तुम्ही शाळेला निघायच्या बेतात होतात. चपला पायात, डबा पर्समध्ये. खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "वैशाली, जबडा दुखतोय गं." कपाळावर घाम. मी तुमचा हात धरून रिक्षात बसले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तुम्ही म्हणालात, "आज बदली शिक्षक कुणाला पाठवतील?" त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, हृदयविकाराचा मोठा झटका. मी तिथे होते. मला ते स्वच्छ माहीत आहे.

पण घरी आल्यावर तुमच्या भावांनी पहिलं काम काय केलं असेल? माणसं जमायच्या आत ताटलीतली तुमची पाकिटं उचलून पिशवीत कोंबली आणि ती पिशवी कुठेतरी टाकून आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्यांचं नाव काढू नकोस. लोक भलतंच समजतील." रडून त्यांचे डोळे सुजले होते. मी मान डोलावली. त्या घडीला मला त्यांचं पटलंही. चार लोक आले की "कशानं गेल्या?" विचारायचे, आम्ही "अटॅक" म्हणायचो आणि लगेच पाणी हवं का विचारायचो. खरं असूनही आम्ही ते चोरट्यासारखं सांगत होतो. आणि दाराच्या चौकटीत श्रावू उभी होती.

तुम्ही गेल्यावर घर फार मोठं झालं. तुमच्या खोलीत मी कापडाचे तागे ठेवले, तरी ती रिकामीच वाटते. संध्याकाळी चावीचा आवाज येत नाही. नाक्यावरच्या भाजीवालीशी तुमच्यासारखं भांडायला मला जमत नाही, म्हणून ती मला जुनी मेथी देते. माझ्या बोलण्यातल्या चुका काढणारं कुणी उरलं नाही. नवरा आहे, पोर आहे, माणसांचं येणं-जाणं आहे, आणि तरी दिवसभर मी एकटी आहे. श्रावू शाळेतून यायची, जेवायची आणि खोलीत जायची. शनिवार आला. तिने कपडे बदलले, केस विंचरले आणि पलंगावर बसून राहिली. मी विचारलं, "कुठे जायचंय का?" ती म्हणाली, "नाही." मी पुढे काही विचारलं नाही. त्या बाई कुठे बसतात, कोणत्या मजल्यावर, मला काहीच माहीत नव्हतं. सगळं तुमच्याकडे होतं.

तर तो जलदानविधी. काकांची टेन्शनवाली आदरांजली संपली आणि निवेदकाने पुकारलं, "आता ताईंची लाडकी भाची श्रावस्ती आपल्या भावना व्यक्त करेल." श्रावस्ती जागेवर नव्हती. मी उठून मागे गेले. सभागृहाच्या मागे आचाऱ्यांची भांडी होती, वरणाचं मोठं पातेलं उकळत होतं, आणि एका उलट्या क्रेटवर ती बसली होती. पांढरा ड्रेस, गुडघ्यांना मिठी. मी ओरडणार होते. पण तिने वर बघून विचारलं,

"मम्मी, आत्या खरंच हार्टनेच गेली ना?"

"म्हणजे?"

"मग पप्पांनी गोळ्या का लपवल्या? मी आले की सगळे गप्प का होतात?"

ताई, इतके दिवस ही पोर हे घेऊन आमच्यात वावरत होती. आम्ही लोकांच्या तोंडाला कुलूप लावत होतो आणि जे लोकांना वाटू नये म्हणून धडपडत होतो, ते आमच्याच घरात, आमच्याच पोरीला वाटत होतं. ती पुढे म्हणाली, "आत्या गोळ्या घ्यायची, डॉक्टरकडे जायची, तरी तिचं असं झालं असेल तर माझं काय होणार?"

मी तिच्या शेजारी दुसरा क्रेट ओढला. समोर द्रोणांची चळत पडली होती, एकमेकांत घट्ट अडकलेली. मी ती उचलून एकेक द्रोण सुटा करायला लागले आणि अर्धी चळत तिच्या मांडीवर ठेवली. तिच्याकडे बघितलं असतं तर मला बोलताच आलं नसतं. मी पहिल्यापासून सांगितलं. चपला पायात होत्या, जबडा दुखत होता, घाम आला होता, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. "आत्याने स्वतःला काही केलं नाही. मी तिचा हात धरून होते. ती शाळेत जायला निघाली होती. तिच्या गोळ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. गोळ्यांमुळे तर ती इतकी वर्षं आपल्यात उभी होती."

"मग पप्पा?"

"पप्पांना लोकांची भीती वाटते. मलापण वाटते."

ती द्रोण सुटे करत राहिली. मला अजून एक विचारायचं होतं. तुम्ही गवार मोडत किती सहज विचारलं होतंत! मी सहज नाही विचारलं. माझा आवाज चिरकला. पण विचारलं, "श्रावू, आत्ता तुला जीव नकोसा वाटतो का गं?"

"नाही." तिने अजून एक द्रोण सुटा केला. "तसं नाही वाटत. पण शनिवार आला की भीती वाटते."

"कसली?"

"आता मला कुणी नेणार नाही म्हणून."

मी तिला जवळ घेतलं. ती खूप रडली, तुमच्यासारखी, नाक ओढत. एका आचाऱ्याने आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मग मी आत गेले, ताई, आणि माइकवर गेले. मी आयुष्यात कधी माइक हातात धरला नव्हता, तो तोंडापासून किती लांब धरायचा तेही माहीत नव्हतं. म्हटलं, "जय भीम. मी शोभाताईंची भावजय. ताई खंबीर होत्या, पण त्या रडायच्या. त्यांना नैराश्याचा आजार होता आणि त्यावर त्या औषध घ्यायच्या. ते औषध घेऊन त्यांनी शाळा केली, घर केलं, माझी पोर सांभाळली. त्या गेल्या हृदयाच्या झटक्याने. मी त्यांच्याजवळ होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, आपसात नको." एवढंच बोलले आणि उतरले. निवेदक घाईने म्हणाला, वहिनींच्या भावना आपण समजू शकतो.

कुणी काही विचारलं नाही. कुणी डोळे पुसत माझा हात धरायला आलं, असंही झालं नाही. पंगती बसल्या. वरण-भात, बटाट्याची भाजी, बुंदी. ओझरच्या काकू ताटावरून म्हणाल्या, "हे बोलायचं ठिकाण होतं का?" मी विचारलं, मग कोणतं होतं? त्यांनी बुंदी मागितली. तुमचे हेडसर जाताना माझ्याजवळ थांबले, चष्मा पुसला आणि नुसतं "बरं केलंत" म्हणून निघून गेले.

घरी आल्यावर तुमचे भाऊ माझ्याशी पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोलले. "माझी बहीण होती ती! आता गावभर होईल, तिने काहीतरी करून घेतलं म्हणून!" मी म्हटलं, "गावाचं सोडा. आपली पोर तेच समजून बसली होती." त्यांना ते माहीत नव्हतं. पण त्यांनी मला माफ केलेलं नाही. गेले काही दिवस आमचं बोलणं मीठ दे, दार लाव, एवढ्यावर आलंय. रात्री ते तुमच्या खोलीत जाऊन त्या ताग्यांशेजारी बसतात. मी हाक मारत नाही. त्यांचंही कुणीतरी ऐकून घ्यायला पाहिजे. पण ते मी कसं करू, हे मला समजत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही.

काल शनिवार होता. सकाळी मी श्रावूला म्हटलं, "चल, मला रस्ता दाखव." रिक्षावाल्याला डावीकडे, उजवीकडे तीच सांगत होती. औषधांच्या दुकानावरचा मजला, छोटीशी खोली, चपला बाहेर. त्या बाईंना तुमचं कळलं होतं. त्यांनी श्रावूला आत घेतलं आणि मी बाहेर बाकावर बसले, जिथे तुम्ही बसायचात. शेजारी एक बाप त्याच्या पोराचा हात धरून बसला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

श्रावूचं झाल्यावर बाई दारात आल्या. "तिची हरकत नाही. तुम्हाला यायचंय का आत?" मला ब्लाऊज आठवले. अजून दोन द्यायचे होते. मी उठले आणि आत गेले. आत काय बोलले ते तुम्हाला सांगणार नाही. सगळं तुम्हालाच कळलं पाहिजे असं कुठे आहे?

बाहेर आले तेव्हा श्रावू जिन्याशी उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मम्मी, तू रडलीस?"

"हो," मी म्हटलं. "मला फार एकटं वाटतं गं. आत्या गेल्यापासून जास्त वाटतं, पण आधीपासून वाटतं."

ती जिना उतरायची थांबली. "आधीपासून म्हणजे कधीपासून?"

खाली रिक्षा उभी होती, रिक्षावाल्याने मीटर टाकायला हात पुढे केला होता. मी त्याला नको म्हणून सांगितलं, आणि ताई, आम्ही दोघी चालत निघालो, कारण ते सांगायला वेळ लागणार होता.